दुर्बिणीची शस्त्रक्रिया, नवी तंत्रं आणि रुग्णाचा हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनची तारीख ठरली की रुग्ण आणि नातेवाईक खर्चाबद्दल, टाक्यांबद्दल, सुट्टीबद्दल भरभरून विचारतात. मात्र "ही पद्धत किती नवी आहे, आणि तुम्ही तिच्यात किती नवे आहात?" हा प्रश्न बहुतेक वेळा ओठांवर येऊन परत फिरतो. वर्षानुवर्षं दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या माझ्यासारख्या सर्जनला तोच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खालची बरीचशी उत्तरं त्याच्याभोवतीच फिरतात.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय?

मोठा छेद घेऊन पोट, छाती किंवा सांधा उघडण्याऐवजी ५ ते १२ मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा आणि लांब दांड्यांची हत्यारं आत घालायची आणि पडद्यावर बघत काम करायचं. पोटाच्या शस्त्रक्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात, म्हणजे आत हालचालीला जागा मिळते. वायूचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. लॅप्रोस्कोपी (पोटाची), आर्थ्रोस्कोपी (सांध्याची), थोरॅकोस्कोपी (छातीची), रोबोटिक शस्त्रक्रिया ही सगळी याच घरातली भावंडं.

फायदे खरे आहेत. वेदना कमी, जखमेत पू होण्याचं प्रमाण कमी, रुग्ण लवकर चालायला लागतो, लवकर घरी जातो. पुढे जे लिहिलं आहे ते या फायद्यांच्या विरोधात नाही.

छेद छोटा म्हणजे धोकाही छोटा, असंच ना?

नाही. आणि हा गैरसमज जितका रुग्णांचा, तितकाच कधीकधी सर्जनचाही असतो.

पित्ताशय काढण्याचं उदाहरण घेऊ, कारण दुर्बिणीतून सर्वांत जास्त होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी ती एक. पित्ताशयातून एक बारीक नळी निघते आणि यकृताकडून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते. बारीक नळी कापायची, मुख्य नलिकेला हात लावायचा नाही, एवढंच काम. पण पित्ताशय सुजलेलं असेल, आसपास सगळं चिकटलेलं असेल आणि मदतनीसाने पित्ताशयाची मान चुकीच्या दिशेला ताणून धरली असेल, तर पडद्यावर ती बारीक नळी आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात. दोन्ही मिळून एकच नळी दिसते. सर्जनला मनापासून वाटतं की समोर आहे ती कापायचीच नळी आहे. तो क्लिप लावतो, कात्री चालवतो, आणि अर्ध्या मिनिटात मुख्य पित्तनलिका तुटलेली असते.

२००३ साली अशा २५२ इजांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९७ टक्के इजांचं मूळ कारण हात चुकणं नव्हतं, डोळ्यांना झालेला भास हे होतं. म्हणून "मी काळजीपूर्वक करीन" एवढं पुरत नाही. नीट काम करणारा माणूसही फसतो, कारण आपण फसतोय हे त्याला त्या क्षणी कळतच नाही.

यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये स्ट्रॅसबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक शिस्त मांडली. बारीक नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी, ती बारीक नळी आणि पित्ताशयाची रक्तवाहिनी, जाताना दिसल्या तरच कापायचं. दिसल्या नाहीत तर कापायचं नाही. थांबायचं, पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवायचा, पोट उघडायचं किंवा जास्त अनुभवी माणसाला बोलवायचं. मला हा नवकल्पनेचा सगळ्यांत सुंदर नमुना वाटतो. त्यासाठी कोणतंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

नवी पद्धत वापरणं आणि रुग्णावर प्रयोग करणं यात फरक कुठे?

रेषा ठळक नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. नवं औषध बाजारात येण्याआधी त्याच्या चाचण्यांचे टप्पे ठरलेले असतात. शस्त्रक्रियेत तसं नसतं. सर्जन ऑपरेशन करता करता टाका जरा वेगळा घेतो, छिद्र जरा वेगळ्या जागी पाडतो. प्रत्येक रुग्णाची रचना वेगळी, त्यामुळे असे छोटे बदल रोजचे असतात आणि त्यांना परवानगी मागत बसलं तर काम होणार नाही.

मी मनाशी एक कसोटी ठेवली आहे. हा बदल मी या एका रुग्णाच्या अडचणीसाठी करतोय, की पुढच्या दहा जणांवरही करून बघणार आहे? दुसरं असेल तर तो प्रयोग आहे. मग तो कागदावर यायला हवा, इथिक्स कमिटीसमोर जायला हवा आणि रुग्णाला त्याच नावाने सांगायला हवा.

२००९ मध्ये 'आयडियल' नावाची एक चौकट मांडली गेली. तिचे पाच टप्पे आहेत: कल्पना, विकास, चाचपणी, मूल्यमापन आणि दीर्घकालीन पाठपुरावा. पहिल्या टप्प्यात मोजके रुग्ण, पण प्रत्येकाची नोंद, अपयशाचीसुद्धा. चौथ्या टप्प्यात जुन्या पद्धतीशी रीतसर तुलना. चौकट चांगली आहे, पण ती पाळायला लावणारा कोणी असेल तरच तिचा उपयोग.

पूर्वी नव्या पद्धती आल्या तेव्हा काय झालं?

दोन्ही टोकं झाली.

जर्मनीतल्या कील शहरात स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा सर्जन मंडळींनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. १२ सप्टेंबर १९८५ रोजी बोब्लिंगेन इथे एरिक म्युहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी त्यांनी ते जर्मन सर्जन संघटनेच्या अधिवेशनात मांडलं आणि त्यांना उडवून लावण्यात आलं. त्याच संघटनेने १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला.

पण मधल्या काळात वारं पूर्ण फिरलं होतं. १९८७ साली फ्रान्समध्ये फिलिप मुरे यांनी व्हिडिओच्या मदतीने हीच शस्त्रक्रिया केल्यावर ती वणव्यासारखी पसरली. रुग्ण स्वतःहून मागायला लागले. शनिवार-रविवारची कार्यशाळा करायची, जनावरावर दोन-तीन वेळा हात चालवायचा आणि सोमवारी माणसावर सुरुवात, असंही अनेक ठिकाणी झालं. जुन्या पद्धतीशी मोठी, रीतसर तुलना होण्याआधीच नवी पद्धत रूढ झाली. पित्तनलिकेच्या इजा वाढल्या, आणि ज्यांना त्या झाल्या त्यांतल्या अनेकांना पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, वारंवार कावीळ आणि ताप अशी वर्षं काढावी लागली.

आधी जे निष्कारण अडवलं, तेच नंतर डोळे मिटून स्वीकारलं. पद्धत शेवटी चांगलीच ठरली. पण ती चांगली ठरेपर्यंतची किंमत कोणी मोजली, हे विसरून चालणार नाही.

सर्जन शिकत असतानाच्या काळातल्या रुग्णांचं काय?

याला आकडा आहे. अमेरिकेतल्या सर्जनच्या एका गटाने १९९१ मध्ये दुर्बिणीतून केलेल्या १,५१८ पित्ताशय शस्त्रक्रियांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला. एकूण पित्तनलिका इजा ०.५ टक्के. पण प्रत्येक सर्जन-गटाच्या पहिल्या १३ रुग्णांत हे प्रमाण २.२ टक्के होतं आणि त्यानंतरच्या रुग्णांत ०.१ टक्का. म्हणजे तोच आजार, तीच पद्धत, पण तुमचा नंबर यादीत कितवा आहे यावर धोका वीसपटींहून अधिक बदलत होता.

कोणीतरी पहिला रुग्ण असणारच. प्रश्न एवढाच की ते त्याला माहीत होतं का, आणि शिकण्याचं ओझं त्याच्यावर पडू नये म्हणून आधी काय काय केलं होतं. सिम्युलेटरवर तास घातले होते का? आधी मदतनीस म्हणून किती केसेस पाहिल्या? पहिल्या काही शस्त्रक्रियांना शेजारी अनुभवी सर्जन उभा होता का, आणि तो शेवटचा टाका पडेपर्यंत थांबला का?

शेवटचा प्रश्न उगाच विचारत नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये रोबोटच्या साहाय्याने हृदयाची झडप दुरुस्त करताना गुंतागुंत झाली आणि रुग्ण दगावला. त्या देशातली ती तशा प्रकारची पहिलीच शस्त्रक्रिया होती. २०१८ च्या न्यायालयीन चौकशीत पुढे आलं की मार्गदर्शनासाठी आलेले तज्ज्ञ शस्त्रक्रिया संपण्याआधीच निघून गेले होते, आणि या पद्धतीने शस्त्रक्रिया होणारी आपण पहिलीच व्यक्ती आहोत हे रुग्णाला स्पष्ट सांगितलेलं नव्हतं. नेहमीच्या पद्धतीने ऑपरेशन झालं असतं तर तो बहुधा वाचला असता, असं चौकशीत नमूद झालं. हे वाचताना माझ्यासारख्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो, कारण यातली एकही चूक टाळणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं.

"तुम्ही अशी किती ऑपरेशन्स केलीत?" असं विचारलं तर डॉक्टर रागावतील का?

काही रागावतील. तरी विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे तो सहसा रागावत नाही.

प्रश्न असा विचारा: "डॉक्टर, हेच ऑपरेशन याच पद्धतीने तुम्ही आजवर किती वेळा केलंय? त्यांतल्या किती जणांना पोट उघडावं लागलं? किती जणांना परत ऑपरेशन करावं लागलं?" पुस्तकातले आकडे ऐकून थांबू नका, त्यांचे स्वतःचे विचारा. जगभरात गुंतागुंत अर्धा टक्का आहे, हे खरं असलं तरी ते तुमच्या समोर बसलेल्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही.

आणि संख्या हेच सर्वस्व नाही. २०१३ साली वजन कमी करण्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनचे व्हिडिओ त्यांच्याच व्यवसायबंधूंनी, नाव न कळता, तपासले आणि कौशल्याला गुण दिले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, सर्वांत वरच्या गटात ५.२ टक्के. त्यामुळे जो सर्जन आपले व्हिडिओ इतरांना दाखवून चुका काढून घेतो, त्याच्याबद्दल माझा आदर वाढतो.

रोबोट स्वतः ऑपरेशन करतो का? तो जास्त चांगला असतो का?

स्वतः करत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून हात हलवतो आणि यंत्राचे हात त्याबरहुकूम आत हलतात. त्रिमितीय दृश्य मिळतं, हाताचा कंप गाळला जातो, मनगटासारखी वळणारी हत्यारं मिळतात. अरुंद जागेत टाके घालायला हे खरोखर सोयीचं आहे.

चांगला असतो का, हे शस्त्रक्रियेवर अवलंबून आहे. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी रोबोट आणि साधी दुर्बीण यांची तुलना ४७१ रुग्णांवर झाली. तिचे निकाल २०१७ मध्ये आले. पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ टक्के, दुर्बिणीत १२.२ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. खर्च मात्र रोबोटचा जास्त. "आमच्याकडे रोबोट आहे" ही जाहिरात वाचून हॉस्पिटल निवडू नका. यंत्राची किंमत वसूल व्हायची असते, हेही लक्षात असू द्या.

कॅन्सरमध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरक्षित आहे का?

एका कॅन्सरचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा अनुभव आधी सांगतो. १९९० च्या दशकात दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागी गाठी परत येत असल्याची भीती निर्माण झाली. तेव्हा अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एक अवघड पण योग्य निर्णय घेतला: चाचणीबाहेर हे ऑपरेशन करायचं नाही. चाचणीत भाग घेणाऱ्या सर्जनने आधी अशा किमान २० शस्त्रक्रिया केलेल्या असल्या पाहिजेत, अशी अट घातली. ८७२ रुग्णांच्या त्या चाचणीचे निकाल २००४ मध्ये आले. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, पोट उघडून १८ टक्के. भीती निराधार ठरली आणि मग पद्धत निर्धास्तपणे वापरात आली.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये क्रम उलटा झाला. आधी पद्धत पसरली आणि चाचणी नंतर झाली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६३१ स्त्रियांवरच्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सगळे हादरले. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असणाऱ्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बीण किंवा रोबोटने केलेल्या गटात ८६ टक्के. तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ९९ विरुद्ध ९३.८ टक्के. ज्या बायकांना "छोटा छेद, लवकर घरी" असं सांगितलं गेलं होतं, त्यांतल्या काहींनी त्या छोट्या छेदासाठी आयुष्य मोजलं. त्यांच्या सर्जननी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. इतर कॅन्सरमध्ये चाललं म्हणून इथेही चालेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

म्हणून कॅन्सरसाठी दुर्बीण सुचवली तर "याच कॅन्सरमध्ये, याच टप्प्यावर, तुलना झाली आहे का?" हे विचारा.

एखादं उपकरणच घातक निघू शकतं का?

हो. गर्भाशयातली मोठी गाठ लहान छिद्रातून बाहेर काढायची तर तिचे आतच तुकडे करावे लागतात. त्यासाठी मोर्सेलेटर नावाचं फिरत्या पात्याचं यंत्र वापरत. गाठ साधी असेल तर ठीक. पण ती मुळात कॅन्सरची असेल आणि आधी कळलं नसेल, तर ते कण पोटभर उडतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, अंदाज दिला की फायब्रॉइडसाठी, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींसाठी, शस्त्रक्रिया होणाऱ्या साधारण ३५० पैकी एका स्त्रीत असा लपलेला सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, असतो. हे यंत्र तोवर वीसेक वर्षं वापरात होतं.

गरज नसताना फक्त "सोपं आहे" म्हणून ऑपरेशन होतं का?

होतं, आणि यावर फार कमी बोललं जातं. छेद लहान झाला की ऑपरेशन सुचवण्याचा उंबरठाही खाली येतो. गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीतून सांधा धुणं आणि साफ करणं खूप चालायचं. २००२ मध्ये १८० रुग्णांवर एक धाडसी चाचणी प्रसिद्ध झाली. काही जणांच्या गुडघ्याच्या कातडीवर फक्त छेद दिले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी वेदना आणि चालणं सगळ्या गटांत सारखंच. खोटी शस्त्रक्रिया करणं नैतिक आहे का, यावर तेव्हा बराच वाद झाला. त्या रुग्णांना आपल्याला खोटं ऑपरेशन मिळू शकतं हे माहीत होतं आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. मला त्यापेक्षा अनैतिक वाटतं ते न तपासलेलं ऑपरेशन वर्षानुवर्षं करत राहणं.

दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागलं, म्हणजे डॉक्टर फसले का?

उलट. बहुतेक वेळा ते त्यांच्या शहाणपणाचं लक्षण असतं. ऑपरेशनआधी सर्जनने "गरज पडली तर मी उघडीन" असं सांगितलं नसेल तर तुम्हीच विचारा. आणि बाहेर वाट बघणाऱ्या नातेवाइकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत, ही मनापासून विनंती. त्या आठ्यांची भीती आत ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचते.

कंपनीचा माणूस ऑपरेशनच्या वेळी हजर असतो, हे योग्य आहे का?

नवं उपकरण कसं जोडायचं, बिघडलं तर काय करायचं, हे त्याला सगळ्यांत चांगलं माहीत असतं, म्हणून तो असू शकतो. पण रुग्णाला ते आधी सांगायला हवं, त्याने रुग्णाला हात लावता कामा नये, आणि कुठलं उपकरण वापरायचं हे त्याने ठरवायचं नाही. सर्जनला त्या कंपनीकडून मानधन किंवा प्रवासखर्च मिळत असेल तर तेही रुग्णाला कळायला हवं.

माझ्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग होतं का? ते कोणाचं?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कॅमेरा असतोच, त्यामुळे रेकॉर्डिंग सहज होतं. शिकवण्यासाठी, चुका शोधण्यासाठी आणि हल्ली संगणकाला शिकवण्यासाठीही ते वापरतात. कशासाठी वापरणार, नाव-ओळख काढून टाकणार का, किती दिवस ठेवणार, हे संमतीपत्रात वेगळं लिहिलेलं असावं. मोठ्या संमतीच्या एका ओळीत ते दडवलेलं नसावं. परिषदेत थेट प्रक्षेपण होणार असेल तर त्याला वेगळी परवानगी हवी, आणि "नको" म्हटल्याने तुमच्या उपचारात काही फरक पडता कामा नये.

संमतीपत्रावर सही करण्याआधी काय कळलं पाहिजे?

दुसरे पर्याय कोणते, काहीच न करणं हाही त्यांतला एक. ही पद्धत रूढ आहे की नवी. नवी असेल तर दूरगामी परिणाम किती वर्षांपर्यंत माहीत आहेत. सर्जनचा स्वतःचा अनुभव. आणि सही ऑपरेशनच्या सकाळी, सलाइन लावलेल्या हाताने घेतली जाऊ नये. कागद घरी न्यायला मिळावा, रात्री वाचता यावा, दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारता यावेत.

मग नवं सगळं नाकारलेलंच बरं का?

नाही. म्हणजे मग म्युहे यांना परत उडवून लावल्यासारखं होईल. जुन्या पद्धतीतही लोकांना त्रास होतो, मोठ्या छेदातून हर्निया होतात, जखमा चिघळतात, माणसं आठवडेच्या आठवडे कामाला मुकतात. नवं न करण्याचीही किंमत असते, ती फक्त दिसत नाही, कारण तिची सवय झालेली असते. तुम्हाला एखाद्या चाचणीत भाग घ्यायला विचारलं गेलं तर लगेच घाबरू नका. चाचणीत असलेल्या रुग्णाच्या प्रत्येक गोष्टीची नोंद होते, कोणीतरी बाहेरचं ती तपासत असतं, आणि त्याला केव्हाही बाहेर पडता येतं. कोणी मोजत नसताना तेच ऑपरेशन "नवीन टेक्नॉलॉजी" म्हणून करून घेण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

काही चुकलं तर डॉक्टर सांगतील का?

सांगायलाच हवं. आणि लवकर. पित्तनलिकेची इजा ऑपरेशनच्या टेबलावरच ओळखली आणि ती दुरुस्त करण्यात मुरलेल्या सर्जनकडे सोपवली तर रुग्णाचं पुढचं आयुष्य बरंच सावरतं. आठवडाभर "गॅस झालाय, बरं वाटेल" म्हणत काढला तर नाही. ऑपरेशननंतर पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, नाडी जलद चालत असेल, तर "दुर्बिणीचं ऑपरेशन होतं, एवढं काय होणार" असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. त्याच दिवशी जा आणि तपासून घ्या.